शाळेचा ताळेबंद

दहावीचा निकाल जाहीर झाला की अमरावती आणि अकोला येथील वृत्तपत्रांची पाने विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांनी भरून जातात. चौकाचौकांत फलक लागतात. नव्वद टक्क्यांच्या वर किती, पंचाण्णवच्या वर किती, याची मोजदाद शाळा अभिमानाने प्रसिद्ध करतात आणि ते आकडे पाहून आपण पुढच्या प्रवेशाचा निर्णय घेतो. आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे व्यापारी आहेत. मार्चअखेर मालाची मोजणी झाल्याशिवाय वर्षाचा नफा ठरत नाही, हे दुकानात बसणाऱ्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शाळेच्या बाबतीत मात्र आपण केवळ अखेरचा साठा पाहतो. आरंभीचा साठा किती होता, हे कोणी विचारीत नाही.

समजा, एका शाळेने पाचवीला प्रवेश परीक्षा घेऊन ऐंशी टक्क्यांची मुले निवडली आणि दहावीला ती पंच्याऐंशी टक्क्यांवर पोहोचली. शेजारच्या शाळेने दारात आलेल्या प्रत्येक मुलाला घेतले. ती मुले चाळीस टक्क्यांची होती, दहावीला पासष्टवर आली. फलक पहिल्या शाळेचाच लागेल. परंतु वाणिज्य शाखेत शिकलेल्या आणि उभी नोकरी ताळेबंद तपासण्यात घालविलेल्या माणसाला विचाराल, तर खरा नफा दुसऱ्या शाळेचा आहे, असेच तो सांगेल.

मुले निवडून घेणारी शाळा असावी की सर्वांना सामावून घेणारी, हा प्रश्न जुना आहे. आपल्या वऱ्हाडात, महाराष्ट्रात आणि परदेशातही त्यावर बराच विचार व बरेच प्रयोग झाले आहेत. आपल्या समाजाच्या विश्वस्त संस्थांपुढे हा प्रश्न आज वेगळ्या रूपाने उभा आहे, म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करू.

परीक्षा न घेता होणारी निवड

वऱ्हाडातील सुरुवातीची सरकारी हायस्कुले अमरावती आणि अकोला या मोठ्या गावी निघाली. त्यांत कोणाला प्रवेश मिळे, हे ठरविण्यास स्वतंत्र परीक्षेची गरजच नव्हती. खेड्यातील मुलाला शहरात राहण्याची सोय नसे, फी भरण्याची ऐपत नसे, आणि अनेक जातींच्या मुलांना वसतिगृहात जागाच नसे. अंतर, पैसा आणि जात या तीन चाळण्यांतून जे खाली उरत, तेच मॅट्रिकपर्यंत पोहोचत. त्या काळच्या हायस्कुलांचे निकाल चांगले असत, असे आपले वाडवडील सांगतात. ते खरेही असेल. पण किती मुले त्या दारापर्यंत आलीच नाहीत, याची नोंद कोणत्याही निकालपत्रकात नसे.

या चाळण्या ज्यांनी मोडल्या त्यांत अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख अग्रभागी होते. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले पंजाबराव विलायतेत उच्च शिक्षण घेऊन, बॅरिस्टर होऊन परतले आणि त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. तेथे सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता येई. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पुरस्कार केला आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने बहुजन समाजाच्या मुलांसाठी माध्यमिक व उच्च शिक्षणाचे मोठे दार उघडले. आज विदर्भात या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे पसरले आहे.

पश्चिम महाराष्ट्रात हेच कार्य ज्या महापुरुषाने केले तो आपल्याच समाजात जन्मला, याचा आपल्याला विसर पडू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवू लागली. १९४० मध्ये त्यांनी साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले आणि तेथे फी न घेता शिक्षण देण्याची प्रथा घातली. मुलांनी श्रम करावेत आणि शिकावे, ही त्यांची योजना होती. हुशार मुले निवडून संस्थेचे नाव करावे, असे त्यांच्या मनात आले असते तर रयत ही एक नामांकित शाळा झाली असती. ती चळवळ झाली, कारण तिने दारात आलेल्याला परत पाठविले नाही.

दहावीपर्यंत एक वाट

स्वातंत्र्यानंतर शासनाने ही वाट रुंद केली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फीमाफीची सवलत मिळाली. 'ईबीसी' या नावाने ती घरोघर माहीत होती. पुढे मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षणही निःशुल्क झाले.

१९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने देशभरच्या शिक्षणाचा अभ्यास केला. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. श्रीमंताची मुले एका शाळेत आणि गरिबाची दुसऱ्या शाळेत, ही विभागणी समाजाच्या ऐक्याला घातक आहे, असे आयोगाने बजावले आणि 'समान शाळा' व 'शेजारशाळा' यांची शिफारस केली. वस्तीतील सर्व मुलांनी वस्तीतील शाळेत एकत्र शिकावे, असा तिचा आशय. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती तत्त्वतः मान्य केली. प्रत्यक्षात ती कधीच पुरतेपणी उतरली नाही.

आयोगाचा दुसरा विचार मात्र महाराष्ट्रात रुजला. जुन्या अकरावी मॅट्रिकच्या जागी दहा वर्षांचे शालेय शिक्षण आले आणि मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. तोपर्यंत वरच्या वर्गांत अवघड गणित व विज्ञान टाळून पुढे जाण्याची वाट असे. 'पोराला दुकानातच बसायचे आहे, त्याला शास्त्र कशाला?' हा विचार व्यापाऱ्यांच्या घरांत सर्रास चाले आणि मुलींच्या बाबतीत तर तो अधिकच चाले. नव्या पद्धतीने दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान सर्वांना अनिवार्य केले. मुलाच्या आयुष्याची दिशा तेराव्या-चौदाव्या वर्षी ठरविण्याऐवजी ती सोळाव्या वर्षापर्यंत खुली ठेवली. आपल्या समाजात आज ज्या डॉक्टर, अभियंता आणि सनदी लेखापाल कन्या दिसतात, त्यांच्या यशात या एका निर्णयाचा वाटा आहे, असे माझे मत आहे.

इंग्लंड आणि फिनलंड

याच सुमारास इंग्लंडमध्येही हा वाद ऐन भरात होता. १९४४ च्या कायद्यानंतर तेथे अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा होई. चार-पाच मुलांमागे एकाला 'ग्रामर स्कूल' मिळे आणि बाकीची साध्या माध्यमिक शाळेत जात. विद्यापीठाची वाट मुख्यतः ग्रामर स्कूलमधून जाई. जुलै १९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक काढून स्थानिक शिक्षण मंडळांना सर्वसमावेशक शाळांच्या योजना मागितल्या. पुढे शिक्षणमंत्री झालेल्या मार्गारेट थॅचर या किराणा दुकानदाराच्या कन्या आणि स्वतः ग्रामर स्कूलमध्ये शिकलेल्या. त्यांनी ते परिपत्रक मागे घेतले, तरीही सर्वसमावेशक शाळांच्या सर्वाधिक योजनांना मंजुरी त्यांच्याच कारकिर्दीत मिळाली. याचे कारण समजण्यासारखे आहे. अकराव्या वर्षी ज्यांची मुले नापास ठरत, त्यांत दुकानदार, कारकून, छोटे व्यावसायिकही असत. निवड आपल्या मुलाच्या बाजूने लागेल असे प्रत्येकाला वाटते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती तशी लागत नाही.

इंग्लंडचा अनुभव सर्वस्वी गोड नाही. परीक्षा गेली, पण चांगल्या शाळेच्या परिसरातील घरांच्या किमती वाढल्या आणि ज्याला मोठे गृहकर्ज पेलते त्याच्याच मुलाला ती शाळा मिळू लागली. काही परगण्यांत ग्रामर स्कुले आजही आहेत.

फिनलंडने अधिक सावधपणे पाऊल टाकले. तेथेही अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलांच्या वाटा वेगळ्या होत. १९७२ मध्ये उत्तरेकडच्या लॅपलंडपासून नऊ वर्षांची समान शाळा सुरू झाली आणि १९७७ पर्यंत ती राजधानीपर्यंत पोहोचली. गणित व भाषा या विषयांतील पातळीनुसार केलेले वर्ग १९८५ मध्ये बंद झाले. त्याच काळात शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यापीठांकडे सोपवून पदव्युत्तर पातळीवर नेले गेले. सर्वांना एका वर्गात बसवायचे, तर तो वर्ग सांभाळू शकेल असा शिक्षकही घडवावा लागतो, हे त्यांनी ओळखले.

अमरावतीचे नवोदय

निवडीच्या शाळांची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे, आणि त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९८५-८६ मध्ये देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्यांतील एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावतीत. सहावीला परीक्षा घेऊन जिल्ह्यातील मुले निवडायची, किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागाला द्यायच्या, एक तृतीयांश मुली घ्यायच्या आणि सर्वांना निवासी शिक्षण द्यायचे, अशी ही योजना. मेळघाटच्या पायथ्याच्या किंवा दर्यापूर-अंजनगावच्या एखाद्या खेड्यातील मुलाला तिने जी संधी दिली, ती त्याच्या गावातील शाळा त्या काळी देऊ शकली नसती. हे मान्य करावे लागेल.

तथापि एका विद्यालयात सहावीला साधारण ऐंशी जागा असतात आणि परीक्षेला बसणारी मुले हजारोंच्या संख्येने असतात. ऐंशींचे भाग्य उजळले म्हणून उरलेल्यांची जबाबदारी संपत नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात नवोदय आणि समान शाळा या दोन्हींचा उल्लेख आहे. पहिली गोष्ट उभी राहिली, दुसरी कागदावर राहिली. आता तालुक्याच्या गावीही नवोदयच्या तयारीचे शिकवणी वर्ग आहेत. ज्याला शिकवणी परवडते तो निवडला जाण्याची शक्यता वाढते, आणि गरिबासाठी काढलेल्या शाळेच्या दारातही पैशाची चाळणी येऊन बसते.

कायदा आणि पळवाटा

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची अथवा पालकांची चाचणी वा मुलाखत घेण्यास बंदी केली. पहिल्या उल्लंघनास पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. महाराष्ट्रात त्या जागा सोडतीने भरल्या जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती सूट रद्द ठरविली.

कायदा आठवीपाशी थांबतो. त्यामुळे खरी निवड आता नववीत आणि अकरावीत होते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या विद्यार्थ्याला नववीतच अडविणे किंवा 'दुसरी शाळा पाहा' असे सुचविणे, हे प्रकार पालकांना अपरिचित नाहीत. अकरावीला टक्केवारीची रांग लागते. अमरावती शहरात ही प्रक्रिया काही वर्षांपासून ऑनलाइन होतीच, २०२५ पासून ती संपूर्ण राज्यात तशी झाली. अकोला तर वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध आहे. तेथेही हुशार मुलांना शुल्कात सवलत देऊन आधी आपल्याकडे ओढायचे आणि मग त्यांचेच फलक लावायचे, असा व्यवहार चालतो.

निवडीचा आणखी एक प्रकार शाळेच्या आत असतो. गुणांनुसार अ, ब, क, ड अशा तुकड्या पाडल्या जातात. अनुभवी शिक्षक 'अ' तुकडीला मिळतात आणि 'ड' तुकडीतील मुलगा आपण 'ड' आहोत, हे पाचवीतच शिकतो. हा धडा तो पुढे विसरत नाही.

दार उघडल्यानंतरची देखभाल

बँकिंग क्षेत्रात माझे आयुष्य गेले, म्हणून एक तुलना करतो. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यापूर्वी बँक म्हणजे निवडक ग्राहकांचे दालन होते. नंतर शेतकरी, लहान दुकानदार, कारागीर यांना कर्ज मिळू लागले आणि अग्रक्रम क्षेत्रासाठी चाळीस टक्क्यांचे लक्ष्य आले. बँका बुडतील, असे भाकीत तेव्हा अनेकांनी केले होते. बँका बुडाल्या नाहीत. मात्र जेथे मेळावे भरवून कर्ज वाटले आणि नंतर कर्जदाराकडे कोणी फिरकले नाही, तेथे थकबाकी साचली. जेथे शाखाधिकारी शेतावर व दुकानावर जाऊन पाहत राहिला, तेथे लहान कर्जदारानेच नियमित हप्ते भरले.

शाळेचेही असेच आहे. प्रवेशाचे दार उघडणे ही पहिली पायरी झाली. वर्गात आलेल्या मुलाची प्रगती कोणी पाहिलीच नाही, तर तो नुसता पुढच्या वर्गात ढकलला जातो. ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, असे 'असर'च्या पाहण्या सांगतात. सर्वांना घेणाऱ्या शाळेचे टीकाकार याच आकड्याकडे बोट दाखवितात. त्यांचा आक्षेप खोटा नाही. पण उपाय मुलांना गाळण्याचा नसून त्यांच्याकडे लक्ष देण्याचा आहे.

हुशार मूल सामान्य मुलांत मागे पडेल, ही पालकांची भीतीही समजून घेतली पाहिजे. त्याला शिष्यवृत्ती परीक्षेचे मार्गदर्शन, ग्रंथालय आणि अधिक कठीण गणिते शाळेतच देता येतात. शिवाय आपल्या मुलांना पुढे कोणाशी व्यवहार करायचा आहे, याचाही विचार व्हावा. सरकी, तूर आणि कापूस घेऊन येणारा शेतकरी, बाजार समितीतील हमाल व मापाडी, डाळमिलमधील कामगार, गावोगावचा किरकोळ दुकानदार, ही वऱ्हाडातील व्यापाराची माणसे आहेत. यांच्या मुलांसोबत दहा वर्षे एका बाकावर बसलेला विद्यार्थी माणसे ओळखायला शिकतो. ते ज्ञान कोणत्याही शिकवणी वर्गात मिळत नाही.

आपल्या संस्थांपुढील प्रश्न

जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून घोषित केले. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या सरसकट सुटीविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. त्याचा निकाल काहीही लागो. अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या आपल्या शाळांना कायद्याने जी सूट दिली, तिचा उपयोग आपण कशासाठी करणार, हे विश्वस्तांनी स्वतःच ठरवायचे आहे.

ही सूट धर्म, भाषा आणि संस्कार यांच्या जपणुकीसाठी आहे. कारंजा येथे १९१८ मध्ये सुरू झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमासारख्या गुरुकुलांनी हे कार्य निष्ठेने केले. परंतु तिचाच आधार घेऊन कमकुवत मुलाला, आणि त्यात आपल्याच समाजातील लहान गावच्या गरीब दुकानदाराच्या मुलालाही, दारातून परत पाठविणे हा तिचा हेतू खचित नव्हता. चार दानांत आपण ज्ञानदानाची गणना करतो. दान घेणाऱ्याची आधी परीक्षा घेऊन मग ते द्यावे, असे आपल्याला कोणी शिकविलेले नाही.

या दृष्टीने विश्वस्त मंडळांपुढे काही सूचना ठेवतो. प्रवेश परीक्षा बंद करावी. जागा कमी व अर्ज अधिक असतील तर सर्वांदेखत चिठ्ठ्या टाकाव्यात. चाचणी अवश्य घ्यावी, पण ती प्रवेशानंतर, मूल कोठे अडते आहे हे कळावे म्हणून घ्यावी. गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत आणि सर्वांत अनुभवी शिक्षकाला सर्वांत कच्च्या मुलांचे तास द्यावेत. नववीत कोणालाही शाळा सोडण्यास सुचवू नये. देणगीदारांनी इमारतीच्या दर्शनी भागावर नाव कोरण्याऐवजी दोन जादा शिक्षकांच्या वेतनाचा भार उचलावा. आणि दरवर्षी वार्षिक अहवालात एक तक्ता छापावा : पाचवीत आलेली मुले किती, त्यांची तेव्हाची पातळी काय, त्यांपैकी दहावीपर्यंत टिकली किती आणि पोहोचली कोठे.

पालकांसाठीही एक विनंती आहे. पुढच्या वर्षी शाळा पाहायला जाल तेव्हा नव्वद टक्क्यांच्या वर किती मुले आहेत, हे विचाराच. त्यासोबत पाचवीत दाखल झालेल्या शंभरांपैकी किती जण याच शाळेतून दहावीला बसले, हेही विचारा. जी शाळा या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वही उघडून देईल, तिच्या हाती आपले मूल निश्चिंतपणे सोपवावे.